टॅग लागलेली पिशवी

युवक महोत्सवाच्या तालमीत असलेल्या आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या, म्हणजे रासेयोच्या, शिबिराला निघालेल्या मुलामुलींनो, आजचं बोलणं तुमच्यासाठी.

जालन्यात बियाण्याची पिशवी कुणाला समजावून सांगायला नको. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो. शेतकरी दाणा न् दाणा तपासत नाही; टॅग बघतो आणि पैसे मोजतो. तुमच्या जर्सीवर, इन्स्टाग्रामच्या बायोत डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं नाव आलं, की तो टॅग तुम्हाला लागला. मग रात्री खोलीवर पडल्या पडल्या टाकलेली स्टोरीही त्याच टॅगखाली जाते. “मॅडम, ते माझं पर्सनल अकाउंट आहे,” असं मुलं म्हणतात. असेल रे बाळा, पण टॅग काढून ठेवलास का?

सोयाबीनचे 100 पैकी 70 दाणे उगवले तरी पिशवी पास होते. विद्यापीठाच्या नावाला लोक ही सवलत देत नाहीत. इंद्रधनुष्य महोत्सवात सगळा संघ नीट वागला आणि एकानेच दुसऱ्या विद्यापीठाच्या मुलीच्या नृत्यावर घाणेरडी कॉमेंट केली, तरी बोल लागतो तो अख्ख्या मराठवाड्याच्या मुलांना. आणि हे नाव सहज मिळालेलं नाही. 1978 साली विधिमंडळात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला, नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 ला. मधल्या काळात माणसं गेली, वस्त्या जळाल्या. ते नाव असल्या कॉमेंटवर लावायचं?

शिबिराचं जरा सविस्तर सांगते, कारण तिथे चांगली मुलंही चुकतात. दत्तक गावात एखाद्या आजीच्या पडक्या घरापुढे सेल्फी, वर लिहिलेलं, ‘गरिबी पाहून डोळे भरून आले.’ आजीला विचारलंत? तिचा नातू आपल्याच एखाद्या कॉलेजात शिकत असेल, त्याच्या मोबाइलवर ते पोचेल. खोदलेला शोषखड्डा दाखवा, झाडलेला रस्ता दाखवा. माणसाचा चेहरा टाकायचा तर आधी विचारा. लेकरू असेल तर त्याच्या आईबापाला विचारा. रासेयोच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक आहे. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. पुन्हा तेच सांगते, टॅग रात्रीही लागलेलाच असतो.

आणि पेरलेलं बी वेचून परत पिशवीत भरता येत नाही. मे 2025 मध्ये पुण्यातल्या एका विद्यार्थिनीने पोस्ट टाकली, थोड्याच वेळात काढली, माफीही मागितली. तरी अटक झाली, कॉलेजने काढून टाकलं. 27 मे रोजी उच्च न्यायालयाने तिला सोडायला सांगितलं आणि तिचं म्हणणं न ऐकता काढलेला कॉलेजचा आदेशही थांबवला. प्राध्यापक मित्रहो, हे आपल्यासाठी आहे. पोरगं चुकलं तर आधी समोर बसवून ऐका. टॅग आपणच लावलाय ना त्याला?

ग्रुप ॲडमिनांशीही बोलायचं होतं. ‘परीक्षा पुढे ढकलली’ असं खोटं पत्र येतं, तुम्ही दहा ग्रुपांवर टाकता, आणि मंठा-भोकरदनची पोरं पहाटेची एसटी सोडून घरी राहतात... वेळ झाल्याची खूण होते आहे. एवढं करा : पत्रावरचा जावक क्रमांक आणि तारीख बघा, तेच पत्र विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधा, सापडलं नाही तर पुढे पाठवू नका.