केनो विरून जातो, त्याचे गुन्हे उरतात



आपल्या हुलसूरची कॉलेजातली मुलं मोबाइलवर मारामारीचे खेळ खेळतात, म्हणून घरची मोठी माणसं चिडतात. रक्तपात भडक असतो, हे खरंच. लहानांच्या हाती तो देऊच नये. पण या खेळांच्या कथांमध्ये काळाचा जो विचार आहे, त्यावर मला आज बोलायचं आहे.

‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा खेळ १९९२चा. २०११च्या त्याच्या कथेत रायडेन हा वीजदेव मरता मरता स्वतःच्याच भूतकाळाला निरोप धाडतो, की ‘तो’ जिंकला पाहिजे. पण तो म्हणजे कोण? तो म्हणजे लिऊ कांग हा योद्धा, असं रायडेन धरून चालतो. या समजापायी एकेक साथीदार जातो, आणि शेवटी लिऊ कांगही रायडेनच्याच विजेने मरतो. जिंकू द्यायचं होतं ते शत्रू शाओ कानला. त्याने लढतीचा नियम मोडला तरच ज्येष्ठ देव मध्ये पडणार होते. पुढचं आधी कळलं तरी त्याचा अर्थ लागेलच असं नाही, हे इथे फार नेमकं दाखवलं आहे.

२०१९च्या कथेत क्रोनिका ही काळाची देवता जुन्या योद्ध्यांना वर्तमानात खेचते. केनो नावाचा गुंड आणि त्याचंच तरुण रूप, दोघे एकाच ठिकाणी येतात. सोन्या ही लढवय्यी तरुण केनोला गोळी घालते आणि वयस्क केनो उभ्या जागी विरून जातो. कारण गेलं, कार्यही गेलं. पण मग मधल्या सगळ्या वर्षांत केनोने केलेले गुन्हे कुणी केले? ते तर तसेच राहतात! इथे कथेचा हिशेब चुकतो.

जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत हा हिशेब चुकू दिला नाही. विश्वासरावांना लागणारी गोळी तिथे हुकते आणि इतिहास दुसरी वाट धरतो, पण आपली वाटही शाबूत राहते. त्यामागे क्वांटम सिद्धांताचा आधार आहे. मला हीच मांडणी जास्त पटते.

पानिपतचा एक धागा तर आपल्या शेजारीच आहे. फेब्रुवारी १७६०मध्ये उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी तिथे काम चोख बजावलं. त्या विजयामुळे भाऊंचं वजन वाढलं, उत्तरेची मोहीम त्यांच्याकडे आली, आणि तोफांवर भिस्त ठेवून ते पानिपतावर उभे राहिले. १४ जानेवारी १७६१ला काय झालं, ते आपण जाणतोच. उदगीरला हार झाली असती तर? मुलं हा प्रश्न चटकन विचारतात, कारण या खेळांनी त्यांना तशी सवय लावली आहे.

पालकांनो, या प्रश्नावर त्यांना गप्प करू नका. नारळीकरांची ती कथा त्यांना वाचायला द्या, आणि येत्या सुट्टीत उदगीरचा किल्ला दाखवून आणा.