फोनचा आकडा कोणाचा पत्ता सांगतो?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



दूरध्वनीवरून होणाऱ्या फसवणुकीविषयी बोलणे निघाले की श्रोत्यांची पहिली मागणी बहुधा एकच असते : कोणत्या आकड्यांनी सुरू होणारे फोन घेऊ नयेत, त्याची यादी द्या. ही मागणी स्वाभाविक आहे. मुंबईचा ०२२, पुण्याचा ०२०, नागपूरचा ०७१२ हे संकेतांक ज्या पिढीला तोंडपाठ होते, तिच्या मनात आकडा म्हणजे गाव हे समीकरण पक्के बसले आहे. परंतु अशा याद्या अमेरिकेत गेली तीस वर्षे निघत आहेत, आणि तेथला अनुभव असा की यादी लांबत जाते व फसवणूकही वाढत जाते. असे का व्हावे, हे समजण्यासाठी आकड्यामागचा व्यवहार पाहिला पाहिजे.

अमेरिका व कॅनडा यांच्यासाठी तीन आकडी विभाग-संकेतांकांची योजना १९४७ साली आखली गेली. १९५८ मध्ये बर्म्युडा व कॅरिबियन बेटे ८०९ या एका संकेतांकाखाली त्याच योजनेत आली. परिणाम असा झाला की, न्यू जर्सीहून शिकागोला फोन लावायचा तरी १ आणि पुढे दहा आकडे, आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकाला लावायचा तरी तेच. परदेशी फोनासाठी एरवी लावावे लागणारे आकडे येथे लावावे लागत नाहीत. दर मात्र परदेशाचा पडतो. नेमक्या या फटीत १९९०च्या दशकात ठकांनी हात घातला. ‘आपले नातेवाईक अत्यवस्थ आहेत’, ‘आपणास बक्षीस लागले आहे’, ‘आपली थकबाकी वसुलीला निघाली आहे’ असा निरोप ठेवायचा, ८०९चा क्रमांक द्यायचा, आणि उलट फोन करणाऱ्याला होता होईल तो बोलण्यात गुंतवून ठेवायचे. पुढे ८०९चे तुकडे झाले. जमैकाला ८७६, बहामाला २४२, ग्रेनाडाला ४७३ असे स्वतंत्र संकेतांक मिळाले. अमेरिकी नागरिकाने आता ८०९ ओळखले तरी ४७३ ओळखायचे राहतेच.

फोन नुसता चालू राहण्यात ठकाचा लाभ काय? एका देशातून दुसऱ्या देशात फोन गेला, की पाठविणारी कंपनी घेणाऱ्या कंपनीला दर मिनिटामागे ठरलेली रक्कम देते. ही हिशेबपद्धत मुळात वाईट नव्हती. लहान, गरीब देशांना तिच्यातून परकीय चलन मिळे. परंतु जेथे मिनिटाचा दर चढा आणि त्यातला हिस्सा क्रमांक चालविणाऱ्याला मिळण्याची सोय, तेथे परक्याचा वेळ हाच विक्रीचा माल झाला. अमेरिकेच्या नियामक आयोगाने १९९७ साली या देय रकमेला, देशाच्या उत्पन्नमानानुसार, मिनिटाला १५ ते २३ सेंटची मर्यादा घातली. चढे दर असलेले क्रमांक जगात इतरत्र उरलेच. तात्पर्य, विभागाचा आकडा सर्वप्रथम दर सांगतो. गाव नंतर, आणि माणूस तर मुळीच नाही.

याच व्यवहाराचा पुढचा अवतार जपानी शब्दाने ‘वांगिरी’ म्हणून ओळखला जातो : एकदा घंटा वाजवायची आणि तोडायचे. आपल्याकडे हा सापळा विशेष सोपा. ‘मिस्ड कॉल’ ही इथल्या गरिबाने काटकसरीतून घडविलेली भाषा आहे. पैसे न मोडता ‘पोचलो’ सांगण्याची, आणि ज्याला परवडते त्याने उलट फोन करावा अशी सौजन्याची रीत. ठकाने त्या सौजन्यावरच जाळे टाकले. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत अशा घरांत तर +१ दिसताच छातीत धस्स होते. पण +१च्या पुढे ८७६ असेल तर तो फोन जमैकाच्या दराचा आहे. म्हणून +९१ सोडून अन्य कोणत्याही अनोळखी संकेतांकावरून घंटा वाजून थांबली, तर उलट फोन न करणे हेच इष्ट. ज्याला खरोखर गरज असेल तो पुन्हा करील.

जमैकाचे नाव निघाले आहे तर थोडे थांबले पाहिजे. माँटेगो बे या शहराच्या परिसरातून वृद्ध अमेरिकनांना ‘लॉटरी लागली, आधी कर भरा’ असे फोन जात. परदेशी कंपन्यांची फोनवरची कामे करणारी केंद्रे त्याच शहरात उभी राहिली होती, हा योगायोग नव्हे. नावांच्या याद्या, उच्चाराचा सराव, हे सारे तेथे उपलब्ध होते. रोजगार मात्र तुटपुंजा. २०१३ साली जमैकाने खास कायदा केला. या पैशावरून टोळ्यांत रक्तपात वाढला, आणि २०१८च्या जानेवारीत त्या परगण्यात आणीबाणी पुकारावी लागली. मात्र ८७६ हा साऱ्या देशाचा संकेतांक. तो डोळे मिटून तोडणारा मनुष्य लाखो निरपराधांना ठक ठरवितो. झारखंडातील जामताडा जिल्ह्याच्या वाट्याला आपण हेच दिले आहे.

आता तर आकडा दरही धड सांगत नाही. २०१५च्या जुलैपासून मोबाइल क्रमांक देशभर बदलीसह नेता येतो. नागपूरचा क्रमांक कोचीत वाजतो. शिवाय परदेशातून येणाऱ्या फोनावर भारतीय क्रमांकाचा मुखवटा चढविता येतो. ते रोखणारी यंत्रणा २०२४च्या ऑक्टोबरात सुरू झाली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांतच सुमारे १ कोटी ३५ लाख बनावट फोन अडविले गेल्याचे सरकारने सांगितले. म्हणजे त्याआधी रोज किती पोचत असतील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

आणि पलीकडे बोलणारा कोण? संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या ऑगस्ट २०२३च्या अहवालानुसार म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसे अशा फसवणुकीच्या कामाला सक्तीने जुंपली गेली असावीत. नोकरीच्या जाहिरातीला भुलून गेलेले भारतीय तरुणही त्यांत होते. मार्च २०२५ मध्ये ५४९ जणांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. ‘डिजिटल अटक’ म्हणून वृद्धाला धमकावणारा स्वतःच कुणाच्या तरी कुलपात असू शकतो. अशी अटक भारतीय कायद्यात कोठेच नाही, हे वस्तीवस्तीत सांगितले पाहिजे. पण जाहिरातीतून मजूर गोळा करणाऱ्या दलालाला विचारणारे कोणी नसेल तर हे सांगणे अर्धेच ठरते.

सावध राहा, असे नागरिकाला सांगणे सर्वांनाच सोयीचे असते, कारण त्यात कोणाला खर्च पडत नाही. फोन वाहून नेणाऱ्या कंपनीला मात्र खऱ्या फोनाचेही पैसे मिळतात आणि खोट्याचेही. १६० ही मालिका सेवा व व्यवहाराच्या फोनांसाठी राखण्याचा निर्णय २०२४ साली झाला. जाहिरातीसाठी १४० आहे. बँकांनी हे काटेकोर पाळले तर दहा आकडी मोबाइलवरून ‘बँकेतून बोलतो’ म्हणणाऱ्याला तेथेच ओळखता येईल. पण खात्री करायची ती फोन तोडून, पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन फोन करूनच.

पैसे गेलेच तर शरमेने गप्प बसण्यात जाणारा वेळ सर्वांत महाग. १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी, कारण पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात अडविता येण्याची शक्यता अधिक असते. त्याच दिवशी बँकेलाही लेखी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाने असे ठरविले होते की, चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळविल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचे. शाखेत पुष्कळदा अर्ज ठेवून घेतात आणि पोच देत नाहीत. तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी अर्जदाराबरोबर एक कार्यकर्ता जावा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व वेळ घेतल्यावाचून परत येऊ नये.