दुसऱ्याचे दुखणे पाहणाऱ्याचे मन

ऐन उन्हाळ्यात विहीर सारखी उपसत राहिलो तर काय होते, हे आपल्याला सांगायला नको. तळाचा गाळ वर येतो. पाणी हवे असेल तर थोडे थांबावे लागते, झऱ्यांना वेळ द्यावा लागतो. आज मी डॉक्टरांच्या मनाविषयी बोलणार आहे. तिथेही गोष्ट अशीच आहे.

कल्पना करा. रात्रीचे दोन वाजलेत. एक मूल खूप खटपट करूनही वाचले नाही. त्याच्या आईचा आक्रोश कानात घुमतो आहे आणि बाहेर बाकावर आणखी तीन रोगी बसले आहेत. डॉक्टर तोंडावर पाणी मारतात आणि पुढच्याची नाडी हाती घेतात. एखाद्या दिवशी असे होणे निराळे अन् वर्षानुवर्षे होणे निराळे! हळूहळू बोलण्यातली ओल आटते. समोरचा माणूस दिसेनासा होतो, नुसता 'तीन नंबरच्या खाटेवरचा ताप' दिसू लागतो. आपण मात्र म्हणतो, "डॉक्टर फार तुसडे झालेत हो!"

या अवस्थेला इंग्रजीत 'बर्नआउट' म्हणतात. म्हणजे जळत जळत विझून जाणे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली त्यावर लेख लिहिला. मोफत दवाखान्यात राबताना त्यांनी स्वतःही ती सोसली होती. तिची खूण तिहेरी : मन थकून रिते होणे, माणसांविषयी कोरडेपणा येणे, आणि 'माझ्या हातून काहीच नीट होत नाही' असे वाटणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट केले, की हा रोग नव्हे. कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारी ही अवस्था आहे.

मग उपाय काय? अमेरिकेतच, रॉचेस्टर शहरी, ७० डॉक्टरांना एक शिक्षण देण्यात आले. त्याचा अहवाल २००९ साली प्रसिद्ध झाला. आठ आठवडे, दर आठवड्याला अडीच तास, आणि पुढे दहा महिने महिन्यातून एकदा ही मंडळी जमत. शांत बसून श्वासाकडे लक्ष देत, आपले अनुभव एकमेकांना सांगत आणि ऐकत. याला सजगता म्हणावे. विपश्यनेसारख्या बौद्ध ध्यानपद्धतींत तिचे मूळ आहे, तेव्हा आपल्याला ती परकी नाही. या डॉक्टरांचा शीण कमी झाला आणि रोग्यांविषयीची आस्था वाढली, असे दिसून आले. तुलनेसाठी दुसरा गट मात्र नव्हता, हेही सांगायला हवे.

दुसरी गोष्ट, स्वतःविषयीची करुणा. क्रिस्टिन नेफ या विदुषींनी २००३ पासून तिचा अभ्यास मांडला. चूक झाली, अपयश आले, की डॉक्टर स्वतःला आसूड मारत बसतात. त्याऐवजी तीन गोष्टी मनाशी म्हणायच्या : 'आत्ता मला दुःख होते आहे. असे दुःख माझ्या एकट्याच्या वाट्याला आलेले नाही. मित्राला जसा धीर दिला असता, तसाच मी स्वतःला देईन.'

आपण विचाराल, "हे म्हणजे स्वतःचे लाड नव्हेत का?" नव्हेत. चूक झाकायची नाही. उलट, न घाबरता ती पाहता यावी, पुढच्या रोग्याशी नीट बोलता यावे, यासाठी हे आहे. पुढचा रोगी पाहण्याआधी हात धुताना दोन श्वास सावकाश घेतले, तरी सुरुवात होते.

पण एक इशारा द्यायलाच हवा. बैलावर दुप्पट ओझे लादायचे आणि त्याला म्हणायचे, 'बाबा, शांत राहा!' हा न्याय नव्हे. पुरेसे डॉक्टर, पुरेशी झोप, हक्काची सुट्टी यांची जागा ध्यान घेऊ शकत नाही. दोन्ही हवे.

शिक्षक बंधुभगिनींनो, साठ मुलांचा वर्ग सांभाळताना आपलीही विहीर आटते. हे दोन श्वास आपल्यासाठीही आहेत. आणि श्रोतेहो, उद्या दवाखान्यात गेलात, तर निघताना एकदा विचारून पाहा, "डॉक्टर, जेवलात का?"