पदकाचा कागद



या व्यासपीठावर काल एक प्राध्यापक बोलून गेले, उद्या एक निवृत्त न्यायमूर्ती बोलणार आहेत. मध्ये चालकांनी मला का घातले, हे त्यांनाच ठाऊक. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतील एका गंजलेल्या कपाटात झाले. तिथे मी आरोपपत्रे, अपघाताचे अहवाल, चौकशीचे निकाल असे कागद वाचले. त्या वाचनाने एक सवय लागली. कागदावर सही कोणाची आहे हे मी शेवटी पाहतो. आधी कागद स्वतःशीच जुळतो की नाही ते पाहतो.

आज असाच एक कागद मी आपल्यापुढे ठेवणार आहे. तो अमेरिकेतला आहे. लिंडन जॉन्सन हे पुढे 1963 ते 1969 या काळात त्या देशाचे अध्यक्ष झाले. 1942 साली ते टेक्सासचे काँग्रेस-सदस्य होते आणि नौदलाच्या राखीव दलात लेफ्टनंट कमांडर होते. 1941 च्या निवडणुकीत त्यांनी मतदारांना वचन दिले होते की, तुमच्या मुलांना रणांगणावर पाठवण्याचे मत मला द्यावे लागले, तर मीही त्यांच्याबरोबर जाईन. ती निवडणूक ते हरले, पण वचन लोकांच्या लक्षात राहिले होते. पुढे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना नैऋत्य पॅसिफिकमधील परिस्थिती पाहण्यास धाडले.

9 जून 1942. न्यू गिनी बेटावरील पोर्ट मोर्स्बीच्या धावपट्टीवरून बी-26 जातीची बाँबफेकी विमाने लाए येथील जपानी तळावर निघाली. जॉन्सन पाहणारे म्हणून बरोबर जाणार होते. प्रथम ते एका विमानात चढले, पण काही कामासाठी खाली उतरले. परत येतात तो त्यांच्या जागेवर त्यांचे सहप्रवासी लेफ्टनंट कर्नल फ्रान्सिस स्टीव्हन्स बसलेले. जॉन्सन दुसऱ्या विमानात गेले. त्याचे नाव ‘हेकलिंग हेअर’, वैमानिक वॉल्टर ग्रीअर. स्टीव्हन्स ज्यात बसले ते विमान शत्रूने पाडले. आतले एकही माणूस परत आले नाही. ग्रीअर यांच्या विमानाच्या जनरेटरमध्ये बिघाड झाला आणि लक्ष्य गाठण्यापूर्वीच ते माघारी वळले.

नऊ दिवसांनी, 18 जूनला, जनरल मॅकार्थर यांच्या मुख्यालयातून जॉन्सन यांना ‘सिल्व्हर स्टार’ देण्याचा हुकूम निघाला. शौर्यासाठी सैन्यात जी पदके देतात, त्यांतले हे वरच्या पायरीचे तिसरे.

आता त्या पदकाबरोबरचे प्रशस्तिपत्र पाहा. चार-पाच वाक्यांचा कागद आहे. त्याचा आशय असा: प्रत्यक्ष लढाईची माहिती स्वतः मिळवावी म्हणून जॉन्सन धोक्याच्या मोहिमेत स्वेच्छेने सामील झाले, आपली विमाने लक्ष्याजवळ पोहोचत असता शत्रूच्या आठ लढाऊ विमानांनी त्यांना गाठले, त्याच वेळी जॉन्सन यांच्या विमानात यांत्रिक बिघाड होऊन ते एकटे मागे वळले व शत्रूला आयतेच सावज झाले, अशा प्रसंगी त्यांनी लक्षणीय शांतपणा दाखवला, आणि मोलाची माहिती घेऊन ते परतले.

माझी नजर पहिल्यांदा ‘त्याच वेळी’ या दोन शब्दांवर अडली. या शब्दांचा मला जुना अनुभव आहे. एका कारखान्यात एका मुलाची तीन बोटे गेली. अहवालात लिहिले होते की, यंत्राचा पट्टा तुटला आणि त्याच वेळी कामगाराने जाळी उघडलेली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मात्र जाळी उघडली होती ती सकाळी, जॉबरच्या सांगण्यावरून, साफसफाईला; आणि पट्टा तुटला दुपारी, जाळी बसवल्यानंतर. पाच तासांचे अंतर दोन शब्दांत मिटवले, आणि दोष मुलाच्या माथी बसला. ते पाच तास परत कागदावर आणायला आम्हाला चौदा महिने लागले.

जॉन्सन यांच्या कागदाचेही सगळे या दोन शब्दांवरच टांगलेले आहे. इतरांच्या विमानांना शत्रूने गाठले, यात वाद नाही. ग्रीअर यांचे विमान बिघडले, यातही नाही. प्रश्न एवढाच की, बिघडलेल्या विमानाला शत्रू भेटला का? 1964 साली मार्टिन कायडिन आणि एडवर्ड हायमॉफ यांनी या मोहिमेवर पुस्तक लिहिले. त्यात विमानातील माणसांच्या आठवणींवरून तुफान हल्ल्याचे वर्णन आहे. जॉन्सन यांचे चरित्रकार रॉबर्ट कॅरो यांनी 1990 साली हल्ला झाला हे मान्य केले, पण पदकाची योग्यता मानली नाही. पुढे 2001 साली बॅरेट टिलमन व हेन्री साकाइदा या विमानयुद्धाच्या अभ्यासकांनी दोन्ही बाजूंची कागदपत्रे पडताळून सांगितले की, ते विमान शत्रूच्या टापूत पोहोचण्यापूर्वीच वळले होते.

आता हा वाद मी येथे सोडवू पाहत नाही, कारण त्याची गरजच नाही. हल्ला झाला असे धरून चला. तरीही त्या कागदाप्रमाणे जॉन्सन यांनी केले काय? ते शांत राहिले. विमान चालवत होते ग्रीअर. बंदुकींवर दुसरीच माणसे होती. बिघडलेले विमान तळावर उतरवले ते त्यांनी. त्या उड्डाणाबद्दल त्या विमानातील दुसऱ्या कोणालाही पदक मिळाले नाही! प्रवासी घाबरला नाही म्हणून त्याचा सत्कार, आणि गाडी वाचवणारा ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाळीवर. राहिली मोलाची माहिती. जे विमान लक्ष्यापर्यंत गेलेच नाही, हे कागद स्वतःच सांगतो, त्यातून लक्ष्याची कोणती माहिती आली?

मग पदक का दिले? मॅकार्थर यांना आपल्या आघाडीसाठी विमाने आणि सामान हवे होते, आणि वॉशिंग्टनला परतणारा काँग्रेस-सदस्य त्यांना उपयोगाचा होता, असा तर्क अनेकांनी केला आहे. मला तो पटतो. मालकाने पुढाऱ्याला शाल का घातली हे कळायला आम्हाला इतिहासकार लागत नाही.

माझा एक कल मात्र आधीच कबूल करतो. याच जॉन्सन यांनी 1947 साली युनियनचे हातपाय बांधणाऱ्या टाफ्ट-हार्टले कायद्याला मत दिले होते. तेव्हा माझ्या मनात त्यांच्याविषयी थोडी अढी आहे, ती वजा करून माझे ऐका. आणि दुसरी बाजूही सांगतो. ते त्या विमानात बसले हे खरे आहे. कोणी सक्ती केली नव्हती. खुर्ची बदलली नसती, तर ते समुद्राच्या तळाशी असते. 1964 चा नागरी हक्कांचा कायदा आणि 1965 चा मतदानाचा कायदा त्यांच्याच सहीने झाला. त्यासाठी त्यांना हे पदक लागले नव्हते.

पण मला रात्री झोपू देत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. जुलै 1942 मध्ये जॉन्सन यांनी एक पत्र तयार करवले होते. आपण या पदकाला पात्र नाही, ते स्वीकारता येत नाही, अशा अर्थाचे. टंकलिखित मसुदा दप्तरात सापडला आहे. ते पत्र धाडले गेले नाही. उलट पुढे त्यांनी ते पदक जाहीर समारंभात छातीवर लावून घेतले, आणि त्याची फीत कोटाच्या कॉलरवर जन्मभर मिरवली. त्या उड्डाणाची हकीकतही त्यांच्या तोंडी वर्षागणिक वाढत गेली.

म्हणजे या माणसाला माहीत होते. कागद खोटा आहे हे त्याला सर्वांआधी कळले, त्याने ते लिहूनही काढले, आणि मग ड्रॉवर बंद केला.

हा विषय मी का निवडला ते आता सांगतो. मघाशी अध्यक्षांनी माझी ओळख करून दिली. त्यांचा दोष नाही. गेल्या वर्षी मला दिलेल्या मानपत्रातले वाक्य त्यांनी वाचले. 1982 च्या गिरणी संपात लाठीमारात माझे डोके फुटले, असे ते वाक्य आहे. आपण टाळ्या वाजवल्यात. त्या संपाच्या वेळी मी चौदा वर्षांचा होतो. माझे वडील संपात होते. मी सभेला पाण्याच्या घागरी वाहत असे. लाठी बसली ती आमच्याच चाळीतल्या एका बदली कामगाराला, आणि रक्ताने भिजलेला त्याचा सदरा मी हातात धरून घरी आणला. बहुधा ती हकीकत मी कुठे तरी सांगितली, सांगता सांगता कोणी तरी डोके बदलले, आणि मी गप्प राहिलो. मानपत्र मिळाले त्या रात्री मी दुरुस्तीचे पत्र लिहिले होते. ते अकरा महिने माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे.

तो माणूस आज नाही. त्याची सून पलीकडच्या गल्लीत राहते, आणि तिने कधी तक्रार केली नाही.

हे पत्र मी सोबत आणले आहे, ते चिटणिसांच्या हाती देतो. व्याख्यानांचे पुस्तक छापाल तेव्हा वक्त्याच्या परिचयातून ते वाक्य काढून टाकावे, एवढी विनंती.