पडद्यावरची फिर्याद

(उजनी जलाशयाच्या काठावरील एका गावी वाचनालयात केलेले भाषण, वाचकांसाठी लिहून काढलेले.)



चित्रपटावर बोलण्याचा मला अधिकार काय, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो रास्तच ठरेल. मी समीक्षक नव्हे. छायाचित्रण, संकलन, पार्श्वसंगीत यांतील मर्म मला कळत नाही. सवड मिळाली म्हणजे तिकीट काढून किंवा घरी बसून चित्रपट पाहणारा, आणि दुसऱ्या दिवशी काळा कोट चढवून न्यायालयात उभा राहणारा मी एक वकील आहे. त्यामुळे माझ्या पाहण्याला एक खोड जडलेली आहे. नायक-नायिका गाऊ लागली की माझे लक्ष ढळते. पण पडद्यावर पोलीस ठाणे दिसले, कोणी जबाब देऊ लागले, कोणी कागदावर अंगठा उठवला, की मी सरसावून बसतो. बोलणाऱ्याचे बोलणे कोण ऐकतो, कोण लिहून घेतो आणि लिहिताना त्यातले काय गाळतो, हे मी पाहतो. धरणग्रस्तांच्या गावात ही खोड कोणाला विचित्र वाटू नये. ज्यांची घरे, शेते व देवळे भीमेच्या पाण्याखाली गेली, त्यांना संपादनाची नोटीस, पंचनामा आणि दाखला यांची किंमत मी सांगावी असे काही नाही.

आधी 'कोर्ट'विषयी. चैतन्य ताम्हाणे यांचा हा चित्रपट २०१५ साली चित्रपटगृहांत आला व त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर आरोप असा की, त्याचे गाणे ऐकून गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. ही भूमिका करणारे वीरा साथीदार स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने त्यांचे निधन झाले. पुष्कळ लोक म्हणतात की हा चित्रपट कंटाळवाणा आहे. मी म्हणतो, त्याचे सत्य त्या कंटाळ्यातच आहे. तारीख पडते, पुन्हा तारीख पडते, कोणी ओरडत नाही, कोणी टेबलावर मूठ आपटत नाही; आणि एक म्हातारा माणूस तुरुंगात झिजत राहतो. हिंदी चित्रपटांनी पन्नास वर्षे दाखविलेल्या न्यायालयांपेक्षा हे न्यायालय मला अधिक ओळखीचे वाटले. पोलिसांनी आणलेला साक्षीदार अनेक खटल्यांत तोच तो साक्ष देणारा निघतो, हे पाहून माझ्या व्यवसायबंधूंपैकी कोणालाही आश्चर्य वाटणार नाही.

परंतु त्या चित्रपटाचा कणा मृत कामगाराच्या पत्नीची साक्ष हाच आहे. ती रडत नाही, भाषण करीत नाही. नवऱ्याला कामावर कसलेही संरक्षक साधन मिळत नव्हते. गटारात उतरण्यापूर्वी तो खडा टाकून पाही, झुरळ बाहेर आले तर आत हवा आहे असे समजे. विचारले तेवढे ती सांगते, आणि आत्महत्येचा सारा आरोप तिच्या त्या कोरड्या वाक्यांनी ढासळतो. माणसाला मलकुंडात उतरवण्यास बंदी करणारा कायदा २०१३ साली झालेला आहे. त्या बाईला कायद्याचे नाव ठाऊक नसेल, पण त्या कायद्याचा भंग कसा होतो हे तिच्याइतके स्पष्ट कोणत्या अहवालात सापडेल?

'जय भीम' (२०२१) आमच्या भागात मोबाईलवर फार पाहिला गेला. १९९३ साली तमिळनाडूत पोलीस कोठडीत झालेल्या मृत्यूच्या खऱ्या प्रकरणावर तो आधारलेला आहे. पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले के. चंद्रू हे त्या प्रकरणातील वकील. वकिलांना तो आवडतो याचे कारण उघड आहे: त्यात वकीलच नायक आहे! मला मात्र ह्याच जागी थोडी हरकत आहे. एक कर्तबगार वकील येईल आणि आपले सारे दुःख हरण करील, ही समजूत गरीब माणसाला परवडणारी नाही. त्या चित्रपटाचे खरे बळ सेंगेनी या गरोदर स्त्रीमध्ये आहे. तडजोडीचे पैसे तिच्यापुढे ठेवले जातात, ती घेत नाही. वरून हुकूम सुटताच पोलीस तिला गाडीतून घरी पोहोचविण्याची विनवणी करतात, आणि ती रस्त्याने पायी चालत राहते, मागून जीप हळूहळू येत असते. बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज वकिलाने लिहिला हे खरे. परंतु तो अर्ज टिकला तो ह्या बाईने माघार घेतली नाही म्हणून.

विधी महाविद्यालयात शिकलेल्या माणसाला 'परियेरुम पेरुमाळ' (२०१८) हा मारी सेल्वराज यांचा तमिळ चित्रपट चुकवता येणार नाही. तिरुनेलवेलीच्या विधी महाविद्यालयात दाखल झालेल्या, इंग्रजी व्याख्यान न समजणाऱ्या दलित मुलाची ती कथा आहे. त्यावरूनच हिंदीत 'धडक २' निघाला, तो ऑगस्ट २०२५ मध्ये आला. हिंदी आवृत्ती वाईट नाही, पण तिला मूळ चित्रपटाची माती लाभलेली नाही. मूळ चित्रपटातला मुलगा काय व्हायचे म्हणून विचारले असता 'डॉक्टर' म्हणतो. मग त्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयात जा, असे सांगण्यात येताच तो खुलासा करतो की आंबेडकरांसारखा डॉक्टर. मराठी माध्यमातून येऊन विधीच्या वर्गात पहिले सहा महिने मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या आमच्याकडील मुलांना हा प्रसंग वेगळा समजावून द्यावा लागत नाही. शेवटी मुलीचा बाप आणि तो मुलगा समोरासमोर बसतात व दोघांमध्ये चहाचे दोन पेले राहतात. ज्यांच्या आजोबांना हॉटेलाबाहेरच्या कोनाड्यातली कपबशी स्वतः विसळून ठेवावी लागे, त्यांना त्या दोन पेल्यांचा अर्थ पुरता कळतो.

'फुले' हा हिंदी चित्रपट ११ एप्रिल २०२५ ला, म्हणजे महात्मा फुले यांच्या जयंतीस, यावयाचा होता; तो २५ एप्रिलला आला. मध्यंतरी काही संघटनांचे आक्षेप आले, आणि चित्रपट प्रमाणन मंडळाने 'महार', 'मांग', 'पेशवाई' असे शब्द काढावयास लावले. चित्रपट म्हणून तो सरळ, काहीसा पाठ्यपुस्तकी आहे. पण शब्द काढण्याचा हा प्रकार मला पाहण्यापेक्षा वाचण्यातच अधिक अस्वस्थ करून गेला. यांपैकी 'महार' आणि 'मांग' हे शब्द शासनाच्या अनुसूचित जातींच्या यादीत छापलेले आहेत, जातीच्या दाखल्यावर ते लिहिले जातात. दाखल्यावर चालणारा शब्द इतिहास सांगताना का चालू नये? सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली एस. रंगराजन खटल्यात, आरक्षणाची चर्चा करणाऱ्या एका तमिळ चित्रपटाच्या संदर्भात, निदर्शनांच्या धमकीपुढे अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दडपता येत नाही असे स्पष्ट केलेले आहे. त्याला आता साडेतीन दशके उलटली.

आता आपल्या घरच्या चित्रपटाकडे येऊ. नागराज मंजुळे जेऊरचे, म्हणजे करमाळा तालुक्यातलेच. त्यांच्या 'फँड्री'तला जब्या झालेला सोमनाथ अवघडे केमचा, 'सैराट'मधली आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रथम आला आणि मार्च २०२५ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा मी तो नव्याने पाहिला. आपल्या तालुक्यातले रस्ते, विहिरी, जलाशय पडद्यावर पाहून लोक सुखावतात, ते स्वाभाविक आहे. पण जरा विचार करा. आर्चीचा बाप बागाईतदार व पुढारी. परश्याचा बाप मासे धरणारा. दोघांचे पोट उजनीच्याच पाण्यावर. एकाकडे ते पाणी विजेच्या पंपाने उसाला व केळीला जाते, दुसरा त्याच पाण्यात जाळे टाकतो. एकाच्या नावे सात-बारा आहे, दुसऱ्याच्या नावे होडीखेरीज काही नाही. धरण १९८० साली पुरे झाले, पाणी सर्वांच्या अंगणापर्यंत आले, परंतु कोणाच्या हाती ते काय देऊन गेले हे ह्या प्रेमकथेत जितके दिसते तितके ते पाटबंधारे खात्याच्या कागदांत दिसत नाही.

'सैराट' म्हटले की लोकांना एक तर 'झिंगाट' आठवते, नाही तर शेवट. माझ्या दृष्टीने त्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग पोलीस ठाण्यातला आहे. मुलगी परत हाती लागल्यावर बाप परश्या व त्याच्या मित्रांविरुद्ध सामूहिक बलात्काराची खोटी फिर्याद लिहवून घेतो. आर्ची तेथेच तिला विरोध करते आणि तो कागद फाडून टाकते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. (कागद फाडल्याने गुन्ह्याची नोंद पुसली जात नाही, सज्ञान मुलीने दंडाधिकाऱ्यासमोर जबाब नोंदविणे हाच खरा मार्ग. पण हे झाले वकिलाचे बोलणे.) मुलीच्या तोंडून न निघालेले शब्द तिच्या नावावर लिहिले जाणे, ही आमच्या न्यायालयांत फिरून फिरून दिसणारी गोष्ट आहे. पळून गेलेल्या सज्ञान जोडप्यांच्या कितीतरी प्रकरणांत अपहरणाची व बलात्काराची कलमे बापाच्या क्रोधाने लिहिली जातात. पडद्यावर ते इतक्या उघडपणे मी अन्यत्र पाहिलेले नाही.

दुसरा प्रसंग फार कमी लोकांच्या ध्यानात राहतो. मुलगा पळून गेला म्हणून परश्याच्या बापाला स्वतःच्या जातीच्या पंचायतीपुढे उभे केले जाते. वरच्या जातीचा पाटील छळतो आणि आपली जात वाळीत टाकते. एकाच अपराधाला दोन्हीकडून शिक्षा. योगायोग पाहा, सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरविणारे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने त्याच एप्रिल २०१६ मध्ये मंजूर केले. जुलै २०१७ पासून तो कायदा अंमलात आहे व तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात आहे.

शेवटाविषयी दोन आक्षेप मी ऐकतो. एक, हा चित्रपट मुलांना बिघडवतो, पळून जाण्याची चटक लावतो. दुसरा याच्या नेमका उलट, तो मुलांना घाबरवतो. पहिल्या आक्षेपाला उत्तर देण्याची गरज नाही. ज्याने शेवटपर्यंत चित्रपट पाहिला तो असे म्हणणार नाही. दुसऱ्याला उत्तर शेजारच्या जामखेड तालुक्यात आहे. 'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ ला चित्रपटगृहांत आला. त्यानंतर अडीच महिन्यांनी, २८ एप्रिल २०१४ रोजी, खर्डा येथे शाळेत शिकणाऱ्या सतरा वर्षांच्या दलित मुलाचा, वरच्या जातीच्या मुलीशी बोलल्याच्या संशयावरून, खून झाला. खटला उभा राहिला. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. तेव्हा 'सैराट'ने भीती निर्माण केली असे कोणी म्हणू नये. भीती गावात होती. चित्रपटाने तिला पडद्यावर आणले एवढेच.

'सैराट'मध्ये भाऊ घरी येतो, बहीण चहा करते, तो चहा पितात आणि मग खून होतो. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले लेकरू परत येते आणि रक्ताची पावले उमटवीत निघून जाते. ते लेकरू हा त्या घरातला एकमेव साक्षीदार, आणि त्याला बोलता येत नाही. खर्ड्याच्या खटल्यातील साक्षीदारांना बोलता येत होते. चित्रपटापेक्षा वास्तव अधिक कठोर कसे असते, ह्याला आणखी पुरावा कशाला हवा?

आणि मग लग्नाच्या वरातीत 'झिंगाट' वाजते. ज्या वरातीत वर-वधूच्या पोटजातीची सुद्धा चौकशी करून सोयरीक जमविलेली असते, त्याच वरातीत! गाणे चांगले आहे, नाचावे. माझी तक्रार गाण्याविषयी नाही. पण चित्रपटातले तीन तास सोडून चार मिनिटे घरी नेण्याची ही आमची हातोटी विलक्षण आहे.

भाषणानंतर काही तरुणांनी विचारले की, चित्रपटातली जोडपी नोंदणी कचेरीत सही करतात, ते प्रत्यक्षात तसे सोपे आहे काय? पडद्यावर ते क्षणात होते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते व ती कचेरीत लावली जाते. नातेवाइकांना पत्ता लागतो तो पुष्कळदा तेथूनच. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी खटल्यात अशा जोडप्यांना संरक्षण व सुरक्षित निवारा देण्याविषयी राज्यांना निर्देश दिलेले आहेत. त्यांचा हवाला देऊन जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे आधीच लेखी अर्ज करता येतो. साक्षीदारांसाठी त्याच वर्षी, ५ डिसेंबर २०१८ रोजी, त्याच न्यायालयाने संरक्षण योजना मान्य केली. आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५-अ पीडितांना व साक्षीदारांना संरक्षणाचा हक्क देते.

त्याच कायद्याचे कलम ४ सांगते की, तोंडी दिलेली फिर्याद लिहून झाल्यावर ती फिर्यादीला वाचून दाखवल्याखेरीज त्याची सही घेता येत नाही. वाचून दाखवा, असे ठाण्यात म्हणावे. मग सही करावी, प्रत मागून घ्यावी. ती विनामूल्य मिळते. अर्ज केला असेल तर त्याची पोच घ्यावी आणि पोचेवर तारीख व शिक्का आहे की नाही हे तेथेच पाहून घ्यावे.