साबणाच्या आधी

कपड्यावर काही सांडलं की आपला हात आधी साबणाकडे जातो. या सवयीविरुद्ध मला आज बोलायचं आहे. डाग कशाचा आणि कापड कोणतं, हे कळेपर्यंत साबण, गरम पाणी आणि इस्त्री या तिन्ही गोष्टी दूर ठेवाव्यात.

हळदीचंच घ्या. आपल्या घरात तिच्याइतका छळणारा डाग दुसरा नाही. तिचा पिवळेपणा कर्क्युमिन या द्रव्यामुळे असतो. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळतं. त्यामुळे आमटीचा थेंब सदऱ्यावर पडला की फोडणीच्या तेलाबरोबर हा रंग सुती धाग्यात उतरतो. मग आपण कपड्याचा साबण लावतो आणि पिवळा डाग एकदम लाल होतो! कपडा वाया गेला असं वाटून माणसं तो ब्रशने घासत सुटतात. वास्तविक साबणातल्या क्षारामुळे हळदीने फक्त रंग बदललेला असतो. मुका मार लागल्यावर आपण हळद-चुन्याचा लेप लावतो, तोही याच कारणाने लाल दिसतो. कपडा नीट खळबळला की डाग पुन्हा पिवळा होतो.

अशा वेळी भांड्यांच्या लिक्विडने आधी तेल काढावं, कपडा धुवावा आणि ओला असतानाच कडक उन्हात घालावा. उजेडात कर्क्युमिन टिकत नाही. पांढऱ्या सुती कपड्यावरची हळद एका उन्हात गेली नाही तर दुसऱ्या दिवशी कपडा पुन्हा भिजवून वाळत टाकावा. रंगीत कपडा मात्र फार वेळ ठेवू नये, त्याचा स्वतःचा रंगही ऊन खातं.

रक्ताला गरम पाणी अजिबात चालत नाही. रक्तात प्रथिनं असतात आणि उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा भाग थिजतो तशी ती धाग्यात थिजून बसतात. डाग ओला असतानाच गार पाण्यात भिजवावा, साबण नंतर. इथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. पाळीचे कपडे आजही कित्येक घरांत दुसऱ्या कपड्यांखाली किंवा अंधाऱ्या कोपऱ्यात वाळवले जातात. ते दमट राहतात आणि त्यातून त्वचेला त्रास होतो. त्या कपड्यांचा दोरीवरच्या उन्हावर बाकीच्यांइतकाच हक्क आहे आणि तो देण्याची जबाबदारी घरातल्या पुरुषांचीही आहे.

लोखंडाच्या गंजाला ब्लीच लावू नये, डाग आणखी पक्का होतो. लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवावं. बॉलपेनच्या शाईला स्पिरिट लावावं, पण खाली जुनं फडकं धरून, नाहीतर शाई पसरते.

पैठणीची गोष्ट निराळी. रेशीमही प्रथिनच आहे. ब्लीच ते खाऊन टाकतं आणि रक्ताचे डाग काढणारी एन्झाइमवाली पावडर रेशमालाही सोडत नाही. तेल पडलं तर चोळू नये. वर टाल्कम पावडर टाकून तेल शोषू द्यावं, हलकेच झटकावी आणि साडी ड्रायक्लीनला द्यावी. देताना काय सांडलं ते तिथे स्पष्ट सांगावं. त्या माणसाचं निम्मं काम तिथेच होतं.

सगळेच डाग निघतात असं मी म्हणणार नाही. केळीचा चीक वाळला की बहुधा राहतोच. बिब्ब्याचा रस तर इतका पक्का की परीट त्यानेच कपड्यांवर खुणा करत.

शेवटी एक कळकळीची विनंती. डाग निघत नाही म्हणून ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडासचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. ब्लीच वापरायचंच असेल तर फक्त साध्या पाण्यात, आणि न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवून वापरा.