झेरॉक्सवरची काळी रेघ

बातमीवर पोट असलेल्या माझ्या मित्रांनो,

या संमेलनाचं अध्यक्षपद मला वयामुळे दिलं असणार. त्याच वयाचा फायदा घेऊन आधी एक कबुली देतो.

पस्तीसेक वर्षं झाली. एका सरकारी कार्यालयातला लिपिक जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून एका टिपणीची झेरॉक्स घेऊन आला. निविदा उघडण्याआधीच दर बाहेर गेले होते, त्याबद्दलची टिपणी. ‘माझं नाव नको,’ एवढंच म्हणाला. नाव मी छापलं नाहीच. पण पुरावा मिरवायच्या हौसेने त्या प्रतीचा फोटो छापला. त्या कार्यालयातल्या मशीनच्या काचेवर चरा होता. प्रत्येक प्रतीवर उजवीकडे बारीक काळी रेघ उमटायची. साहेबांनी रेघ ओळखली, मशीन कोण हाताळतं ते विचारलं, आणि महिन्याभरात त्याची बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला झाली. मुलगी दहावीला होती. तो मला एका शब्दाने बोलला नाही. पुन्हा आलाही नाही.

तेव्हा, बातमी देणाऱ्या सरकारी नोकराचं नाव झाकावं का, या प्रश्नावर माझं मत तटस्थ नाही. जोखीम घेऊन कागद आणणाऱ्याचं नाव शेवटपर्यंत झाकावं. कानात कुजबुजणाऱ्याचं मुळीच झाकू नये. आपण दोघांनाही ‘सूत्र’ म्हणतो, घोळ तिथेच आहे. मंत्र्यांचा स्वीय सहायक फोन करून एखाद्या सचिवाबद्दल पुडी सोडतो, तेव्हा त्याचं काही पणाला लागलेलं नसतं. त्याला म्हणावं, नाव द्या, नाहीतर बातमी राहू द्या. आणि परीक्षेचा पेपर फोडणारा, खबऱ्याचं नाव फोडणारा यांना तर दारातूनच परत पाठवावं.

अधिकारी मित्र म्हणतात, नियम मोडायचा तर नावानिशी मोडा. नियम आहेतच: 1923 चा शासकीय गुपितांचा कायदा, महाराष्ट्राचे 1979 चे वर्तणूक नियम. विजय पांढरे यांनी 2012 मध्ये सिंचनातल्या गैरव्यवहारांबद्दल मुख्यमंत्र्यांना सहीनिशी पत्र लिहिलं. त्यांच्या धैर्याला माझा नमस्कार. पण ते मुख्य अभियंता होते. आवक-जावक टेबलावरच्या माणसाकडून तीच छाती मागणं हा आपला आगाऊपणा आहे.

आणि रीतसर वाटेने जाणाऱ्याचं काय होतं? राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंते सत्येंद्र दुबे वर्तमानपत्राकडे गेलेच नव्हते. सुवर्ण चतुष्कोन रस्त्याच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल त्यांनी 2002 मध्ये थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं आणि नाव गुप्त ठेवायची विनंती केली. पत्र नावासकट टेबलाटेबलांवरून फिरलं. 27 नोव्हेंबर 2003 ला गयेत त्यांचा खून झाला. खटल्यात तो लूटमारीतला खून ठरला. पण नाव फोडणाऱ्या टेबलांचं काय झालं, हे कुणी विचारत नाही.

नाव राखताही येतं. बोफोर्स तोफांच्या व्यवहाराचे कागद पत्रकार चित्रा सुब्रमण्यम यांना स्वीडनमधले पोलीस अधिकारी स्टेन लिंडस्ट्रॉम यांनी दिले. 2012 मध्ये ते स्वतःच बोलले, तोवर सुमारे 25 वर्षं ते नाव बाईंनी ओठांबाहेर काढलं नाही. स्वीडनमध्ये तर बातमी कुणी दिली याचा शोध घ्यायलाच सरकारी खात्यांना एरवी कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे साक्षीच्या कायद्यात अशिलाचं गुपित राखायला वकिलाला संरक्षण आहे, पत्रकाराला नाही. 1978 च्या प्रेस कौन्सिल कायद्यातली सवलत त्या कौन्सिलपुरतीच. न्यायाधीशांनी विचारलं तर आपल्याकडे फक्त आपलं तोंड मिटलेलं असतं, आणि कदाचित तुरुंग.

नाव झाकलं की वाचकाला आपल्याच शब्दावर भरवसा ठेवावा लागतो. म्हणून कागद दुसरीकडून पडताळून घेणं हे आपलं काम, आणणाऱ्याचं नव्हे. ते जमत नसेल तर थांबावं.

जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला, त्यावर मे 2014 मध्ये राष्ट्रपतींची सही झाली. तो लागू करण्याची अधिसूचना अजून निघालेली नाही. उद्याच्या ठरावांत ही मागणी घाला. आणि ठरावाची वाट न बघता एक करा: कागद आला तर मजकूर स्वतःच्या शब्दांत लिहा, प्रतीचा फोटो छापू नका.